निवेदकाचा गळा

माझा आवाज मोठा आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. कन्हेरीत आमची वस्ती गावापासून आत, उसाच्या पट्ट्यात. वडिलांना विहिरीवरून जेवायला बोलवायचं असलं की आई मला ओट्यावर उभं करायची. माझी एक हाक गेली की ते मोटर बंद करून निघायचे. पुढं तालमीत गेलो, कुस्त्या केल्या, चार चांगली मैदानं मारली, गुडघा गेला आणि माती सुटली. मैदान मात्र सुटलं नाही. एका यात्रेत निवेदक आला नाही म्हणून कमिटीनं माईक माझ्या हातात दिला, तेव्हापासून तो माझ्याच हातात आहे. पेरूची बाग आहे, थोडा ऊस आहे, त्यावर घर चालतं. पण बारामती-इंदापूरकडं मला ओळखतात ते कुस्तीचा निवेदक म्हणून.

हे काम लांबून सोपं दिसतं. पैलवान आखाड्यात उतरताना तो कुठला, कुणाचा पठ्ठ्या, हे सांगायचं. डाव पडला की त्याच क्षणी त्याचं नाव घ्यायचं. हलगी कडाडत असताना तिच्यावर आवाज ठेवायचा, आणि कुस्ती रेंगाळली तर हजारो माणसांना जागेवर धरून बसवायचं. यात मी पक्का आहे. सुताराला रंधा कळतो तसं मला मैदान कळतं, त्यात फुशारकी कसली?

दिवाळी झाली की आमच्याकडं मैदानं सुरू होतात. त्या वर्षीचं पहिलं मैदान इंदापूरच्या अलीकडं होतं. शेवटची कुस्ती लागली, दोघं पैलवान हाताला हात लावून मागं सरले आणि मी नेहमीसारखा आवाज चढवला. तो चढलाच नाही. तोंडावर गोधडी धरून बोलावं तसा घुमून आतल्या आत राहिला. माईकवाल्यानं वायर हलवून पाहिली, मग माईकच बदलला. त्यातूनही तेच. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "निवेदक, गरम भजं हाय व्हय तोंडात?" लोक हसले, मीही हसलो. कुस्ती निकाली होईपर्यंत तसंच रेटलं.

घरी आल्यावर मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. महिना गेला. ताप नाही, खोकला नाही, घसा दुखतही नव्हता. आवाज तेवढा दबलेला आणि घास गिळताना काहीतरी आडवं आल्यासारखं. बाकी माझं मला काही कळत नव्हतं. ते बायकोनं सांगितलं.

"तुमी घोरता त्याची मला सवय हाय," ती म्हणाली. "पर आता घोरता घोरता मधीच थांबता. मी उठून बघती, श्वास चालू हाय का न्हाय. उद्या बारामतीला जायचं. फवारणी परवा करू."

माझी बायको पळसदेवची. तिच्या माहेरी अंगणातून उजनीचं पाणी दिसतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यातून जुन्या देवळाचं शिखर वर येतं. होडीतल्या माणसाला काठावरून हाका मारत वाढलेली बाई, तिचाही आवाज काही लहान नाही. गावातल्या बचत गटाची ती अध्यक्ष आहे आणि बँकेच्या साहेबाला उभं राहून प्रश्न विचारते. ती 'जायचं' म्हणाली की जायचंच असतं.

बारामतीत कान-नाक-घशाच्या डॉक्टर मॅडमनी नाकातून एक बारीक नळी आत सोडली. नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. समोरच्या पडद्यावर माझ्या गळ्याचा आतला भाग दिसायला लागला. इतकी वर्षं ज्याच्या जिवावर भाकरी नसली तरी नाव कमावलं, तो गळा मी पहिल्यांदा बघत होतो.

"हे स्वरयंत्रावरचं झाकण," मॅडम म्हणाल्या. "घास गिळताना ते श्वासनलिका झाकतं. एरवी पानासारखं पातळ असतं. तुमचं बघा."

पाण्यात भिजलेल्या पावासारखं ते फुगलं होतं. फिकट, गुबगुबीत. त्याच्या मागं श्वासाला जायला एक फट तेवढी उरली होती.

"तंबाखू?"

"कधीच न्हाय. पैलवान हाय मी."

"सूज कशाची आहे ते वरून कळणार नाही. तुकडा काढून तपासावा लागेल."

तुकडा तपासायचा म्हटल्यावर गावाला वेगळं काही सांगावं लागत नाही. आम्ही बारामतीहून परत येईपर्यंत वस्तीवर दोघंतिघं येऊन बसलेले होते आणि त्यांचे चेहरे मयताला आल्यासारखे होते. माझे वडील, त्यांना सगळेच आबा म्हणतात, ऐंशी ओलांडलेले, त्यांच्या काळातले नामी पैलवान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या लोकांसमोरच मला म्हणाले, "सलामी झाली न्हाय अजून. आधीच पाठ टेकू नगंस." मग सुनेला चहा टाकायला सांगितला.

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. बायकोनं ते मॅडमकडून दोनदा वदवून घेतलं. पण त्यात पेशींच्या बारीक बारीक गाठी दिसल्या होत्या, आणि आपल्याकडं तशा गाठी दिसल्या की पहिलं नाव टीबीचं येतं. थुंकीत जंतू सापडला नव्हता, तुकड्यातही नव्हता. तरी शंका मोठी म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. लघवी शेंदरी व्हायला लागली, तोंडाची चव गेली.

त्या दिवसांत आजारापेक्षा दुसरंच लागलं. इंदापूरच्या स्टँडजवळच्या हॉटेलात मला नेहमी काचेच्या ग्लासात चहा मिळायचा. आता न विचारता कागदी कप पुढं यायला लागला. एका गावानं मैदानाला दुसरा निवेदक बोलावला आणि मला कळवलंही नाही. मी ते स्पीकरवरून ऐकलं, शेजारच्या शिवारातून, पेरू तोडता तोडता. तो डावांची नावं चुकीची घेत होता. मी मनातल्या मनात दुरुस्त करत राहिलो.

दोन महिने गोळ्या नियमानं खाल्ल्या. फरक पडला नाही. उलट श्वास आत घेताना बारीक शिट्टी वाजायला लागली. एकदा पेरूचा क्रेट घेऊन बांधाचा चढ चढलो आणि वर जाऊन बसलोच. छाती ठीक होती, पायात दम होता, पण हवा आत येत नव्हती. माणसाला आखाड्यात कुणी गळ्याला मिठी घातली तर सोडवायचं कसं ते मला ठाऊक आहे. ही मिठी आतून होती. बायकोनं क्रेट तिथंच सोडला आणि जीपवाल्याला फोन लावला.

मॅडमनी पुन्हा नळी घातली. बराच वेळ पडद्याकडं बघत राहिल्या. मग नळी काढून, हात पुसून आमच्यासमोर बसल्या.

"मला माझं मत पुन्हा तपासायचंय," त्या म्हणाल्या. "हा टीबी असता तर आत्तापर्यंत थोडा तरी उतार पडला असता. जंतूही एकदाही मिळालेला नाही. दुसरं काहीतरी आहे. आणि श्वासाची वाट अरुंद झालीये, म्हणून आजच पुण्याला जायचं. मी तिथल्या डॉक्टरांशी बोलते."

त्या बाईंबद्दल मला त्या दिवशी जो आदर वाटला तो आजही तसाच आहे. हातातला डाव लागत नाही हे कळल्यावर तो सोडून दुसरा धरायला मोठी छाती लागते. भल्याभल्या पैलवानांना ते जमत नाही.

पुण्याच्या दवाखान्यात मला लगेच दाखल करून घेतलं. उशाशी एका ट्रेमध्ये हत्यारं झाकून ठेवली होती. श्वास अडलाच तर गळ्याला खालच्या बाजूनं छोटं छिद्र पाडून नळी बसवायची तयारी होती ती. मी त्या ट्रेकडं बघायचं टाळत होतो. भीती वाटली का? वाटली. नळी बसली तर माईकवर काय, घरातही बोलता येणार नाही, हे मी आल्या आल्या विचारून घेतलं होतं.

तिथले मोठे डॉक्टर वयस्क होते, घाई नसलेले. ते गळा बघतील असं मला वाटलं. त्यांनी नखं बघितली, डोळे बघितले, काखेतल्या गाठी चाचपल्या, सदरा काढायला लावून पाठ बघितली. मग माझ्या तोंडाजवळ वाकून त्यांनी उजव्या भुवईवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"तालमीतली खूण. डोक्याला डोकं लागलं हुतं. टाके पडले हुते."

"पहिल्यापासून अशीच आहे?"

"व्हय," मी म्हणालो.

"न्हाय," बायको म्हणाली. डॉक्टर तिच्याकडं वळले. "लग्न झालं तवापास्नं मी बघती. पांढरी रेघ हुती नुसती. औंदाच्या पावसाळ्यापास्नं जांभळी झाली आन फुगली. मी म्हणलं बी ह्यांना. हे म्हणले, टोपी घासती."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि बसले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"एक आजार असा आहे," ते म्हणाले, "तो कधीकधी जुन्या खुणांमध्ये येऊन बसतो. वर्षानुवर्षं शांत असलेली खूण अचानक लाल, जांभळी होते, जाड होते. आपण या खुणेचा तुकडा तपासू. गळ्यापेक्षा ते सोपं आहे."

भुवईच्या तुकड्यात हुबेहूब गळ्यातल्यासारख्याच गाठी निघाल्या. छातीच्या स्कॅनमध्ये आतल्या बाजूला दोन्हीकडं गाठी सुजलेल्या दिसल्या, फुप्फुसं मात्र चांगली होती. टीबीची तपासणी पुन्हा केली, तीही कोरी आली. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. सार्कॉइडोसिस. मी आयुष्यभर आडनावं, गावं, तालमींची नावं घडाघडा घेत आलोय. हे नाव माझ्या जिभेवर बसेना. बायकोला दुसऱ्या खेपेला जमलं.

"म्हंजे काय असतं ते?" तिनं विचारलं.

"शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. कुठं घुसखोर दिसला की त्या घोळका करतात. या आजारात घुसखोर सापडत नाही, तरी घोळका होतो, आणि पांगतच नाही. त्याच्या गाठी बनतात, जागा सुजते. बहुतेकांच्या फुप्फुसात होतं. काहींच्या डोळ्यांत, कातडीत. क्वचित हृदयात, मज्जातंतूत. स्वरयंत्रात तर फारच थोड्यांच्या. म्हणून ओळखायला वेळ गेला."

"पर ह्यांनाच का?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "अजून कुणालाच नीट माहीत नाही. बरा कसा करायचा ते बरंचसं माहीत आहे."

मला हे उत्तर आवडलं. नातेवाईकांनी तोवर कारणं भरपूर पुरवली होती: थंड पाणी, फवारणीचं औषध, कुणाची तरी नजर. ज्यांना सगळं माहीत होतं त्यांच्यापेक्षा 'माहीत नाही' म्हणणाऱ्या माणसावर माझा भरवसा बसला.

मोठ्या मात्रेत स्टिरॉइड सुरू झालं आणि गळ्यातल्या सुजेतही त्याचं इंजेक्शन दिलं. डोळे तपासले, हृदयाचा आलेख काढला, तिथं काही नव्हतं. गुडघ्यासाठी मी कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या खात होतो, त्या डॉक्टरांनी बंद केल्या. या आजारात रक्तातलं कॅल्शियम आपोआप वाढू शकतं आणि मूत्रपिंडाला ते मारक ठरतं म्हणे. आपण ताकदीसाठी म्हणून खातो त्या गोळीचा असा उलटा हिशेब असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

थोड्याच दिवसांत एका सकाळी मी जागा झालो आणि पडल्या पडल्या श्वास घेतला. तो शिट्टी न वाजवता पार खाली गेला. मी पुन्हा घेतला. बायको खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, तिला उठवलं नाही. पोटभर हवा खात पडून राहिलो. मग नर्सबाई आल्या आणि तो झाकलेला ट्रे उचलून घेऊन गेल्या.

घरी आल्यावर औषधानं आपले रंग दाखवले. भूक अशी लागायची की जेवून उठलो तरी ताटाकडं बघत राहायचो. तोंड भोपळ्यासारखं गोल झालं, रक्तातली साखर वाढली. बायकोनं गुळाचा डबा कुठं ठेवला ते मला आजही माहीत नाही. चिडचिड व्हायची आणि ओरडायची बंदी होती, त्यामुळं ती आतच शिजायची. बारामतीच्या मॅडमनी नियम घालून दिला होता: ओरडायचं नाही, कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजल्यानंही स्वरयंत्रावर ताण येतो, शेजारी बसलेल्या माणसाला ऐकू जाईल इतकंच बोलायचं. आबांना कमी ऐकू येतं. त्यामुळं बापलेकांचं बोलणं हातवाऱ्यांवर आलं. आबा म्हणाले, "बरं हाय. जल्मात पयल्यांदा घरात शांतता हाय."

चैत्रात पळसदेवकडच्या एका गावची यात्रा होती. कमिटीचा अध्यक्ष माझा तालमीतला जोडीदार. तो घरी आला आणि म्हणाला, "बोलू नगं तू. नुसता स्टेजवर बस. लोकांना दिसलास तरी बास झालं." मी गेलो. मी ओरडू नये म्हणून राखणीला बायको आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच मैदानात आली होती.

दुपार कलली, माती लोटून झाली, लोक उतारावर गच्च बसले, हलगी सुरू झाली, आणि अध्यक्षाला फोन आला. ठरवलेला निवेदक सोलापूरच्या बाजूला अडकला होता, येणार नव्हता. अध्यक्ष कपाळ पुसत माझ्याकडं बघायला लागला. मी बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली. नाही.

मग तीच म्हणाली, "ह्यांनी मला हळू सांगावं, मी बोलती. माईक काय खातोय व्हय मला?"

अध्यक्षाला दुसरा उपायच नव्हता. तिनं पदर खोचला आणि माईक घेतला. मी तिच्या अगदी शेजारी खुर्ची लावली. पहिल्या कुस्तीत एकानं खाली वाकून दुसऱ्याचा पाय ओढला. मी सांगितलं, "पट काढला." ती गोंधळली आणि स्पीकरवरून खणखणीत म्हणाली, "तंगडी धरली बघा ह्यानं त्याची!" मैदान हसून लोळलं. ती थांबली नाही. "हसू नका. तंगडीला तंगडीच म्हणायचं. हे म्हणत्यात, त्याला पट काढणं म्हणत्यात. आता मला बी कळलं आन तुमालाबी." टाळ्या पडल्या. चार कुस्त्यांत तिला लय सापडली. मी डाव सांगायचो, ती तो तिच्या भाषेत फोडून सांगायची. बायाबापड्या, ज्या यात्रेला येऊनही आखाड्याकडं फिरकत नाहीत, त्या देवळाच्या बाजूनं सरकत सरकत कडेला येऊन उभ्या राहिल्या.

नंतर मुलींची कुस्ती लागली. दोघी शाळकरी, डोक्याचे केस बारीक कापलेले, अंगानं काटक. मी त्यांच्या तालमींची नावं सांगायला तोंड उघडलं तर बायकोनं हात वर करून मला थांबवलं. तिनं त्या पोरींना जवळ बोलावून काहीतरी विचारलं आणि मग बोलायला लागली. कोण किती वाजता उठते, कुणाचा बाप ट्रॅक्टरवर आहे, कुणाची आई डोक्यावर भाजी-माळवं घेऊन बाजार करते आणि त्यातून पोरीला बदाम-खारीक घालते. "ह्या पोरींना हितवर पाठवलं त्यांच्या आयांनी. त्या कुठं हायत? उभ्या ऱ्हावा. लाजू नका."

गर्दीत मागं एक बाई उठली. बसली. शेजारणीनं तिला परत उभं केलं. मग दुसरीकडून दुसरी उठली. सगळं मैदान त्यांच्याकडं वळलं आणि हलगीवाल्यांनी कुणी न सांगता हलगी वाजवली. मी कितीएक वर्षं वस्तादांची नावं घेतली, देणगीदारांची घेतली, पुढाऱ्यांची घेतली. पैलवानाच्या आईला उभं करावं हे मला एकदाही सुचलं नव्हतं. अभिमानानं छाती भरून आली. आणि खरं सांगायचं तर थोडं जळलोही. माझ्याच खुर्चीशेजारी माझ्यापेक्षा बरा निवेदक उभा होता.

त्यानंतरची मैदानं आम्हाला दोघांना मिळून यायला लागली.

माझ्या गळ्याची सूज हळूहळू उतरली. मॅडम दर खेपेला पडद्यावर दाखवतात; झाकण पातळ झालंय, एका कडेला जाडी राहिलीये, ती राहील म्हणतात. भुवईवरची खूण फिकी पडली. स्टिरॉइड टप्प्याटप्प्यानं अगदी कमी केलं आणि सोबत आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी आहे. तिच्यासाठी रक्त तपासत राहावं लागतं. साखर जागेवर आली, तोंडाचा भोपळा उतरला. पुण्याच्या डॉक्टरांना मी विचारलं, आजार परत येईल का? ते म्हणाले, येऊ शकतो, गळ्यात किंवा दुसरीकडंही. म्हणून डोळे आणि हृदय मधूनमधून तपासून घेतो. येईल तेव्हा बघू. एकदा त्याची पकड कळली आहे. पुन्हा भेटला तर तो आता अनोळखी नाही.

आवाज परत आला तो मात्र पूर्वीचा नाही. खालच्या पट्टीतला, जाडसर. हलगीच्या वर तो जात नाही, म्हणून हलगीवाल्यांशी मी खुणा ठरवल्या आहेत. मी हात उचलला की ते थांबतात, मी बोलतो, हात खाली आला की पुन्हा कडाडतात. लोकांना हे जास्त आवडतं, कारण आता प्रत्येक शब्द ऐकू जातो. पैलवानांची ओळख बायको करून देते, डाव मी सांगतो. आबांना पुढच्या रांगेत खुर्ची असते. त्यांना दोघांचंही नीट ऐकू येत नाही, पण कुणी विचारलं की म्हणतात, "सुनेचं चांगलं हाय. पोरगं बी शिकतंय."

गेल्या तपासणीला मी मॅडमना विचारलं, आता थोडं ओरडलं तर चालेल का. त्यांनी पडदा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "मैदानात एकदा. एकदाच."

परवाच्या रविवारी इंदापूरच्या बाजूला शेवटची कुस्ती बराच वेळ चालली. दोघंही तगडे, कुणी हटेना. सूर्य उसाच्या शेंड्याला टेकला होता आणि लोक उभे राहून बघत होते. मग त्यातला जो अंगानं जरा बारका होता त्यानं खाली शिरून दुसऱ्याला खांद्यावर घेतलं आणि मातीवर उताणा टाकला. बायकोनं माईक माझ्या तोंडाशी धरला. मी तो हातानं बाजूला सारला आणि नुसत्या गळ्यानं ओरडलो, "चितपट!"

शेवटच्या रांगेपर्यंत गेलं ते.